शिट्टीच्या गोळीवरची मुलगी

४ जून

चि. बंधू यास,
अनेक आशीर्वाद.

आपल्या कारखान्यातल्या शिट्टीच्या गोळीच्या नव्या पाकिटाचा तू पाठवलेला नमुना मिळाला. चकचकीत आहे, आतली गोळीही दिसते. पण मुलगी कुठे गेली?

आपल्या बहिणीचे, चिमीचे, पुढचे दात पडले, शिट्टी वाजेना, म्हणून ती रुसून बसली होती. बाबांनी पेपरमिंटची गोळी गरम असतानाच तिला मधोमध भोक पाडलं. ती ओठांत धरून पोरीने दिवसभर घर डोक्यावर घेतलं. त्याच वर्षी ती तापाने गेली. तू तेव्हा पाळण्यात होतास. तिचा एकही फोटो नाही. बाबांनी चित्रकाराला शेजारी बसवून दात पडलेली, हसरी मुलगी काढून घेतली, तीच गोळीच्या कागदावर आली.

पुढे छपाईचा ठसा झिजला, की नवा कारागीर आपलं शहाणपण चालवी. एकाने दात भरले, दुसऱ्याने वेण्या घातल्या, तिसऱ्याने उंची वाढवली. तू तर तिला पुसूनच टाकलीस. आईला नमुना दाखवायची माझी छाती नाही. ती आता फार थकली आहे रे. पहिलं चित्र शोध आणि तिची चिमी तिला परत दे.

रागावले तरी माया तेवढीच आहे.
तुझी ताई

१५ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून मान खाली गेली. घरात तिचं नाव कुणी काढत नसे. मला ती जाहिरातीतली कुणीतरी मुलगीच वाटायची.

पहिला ठसा सापडला. पाक शिजवायच्या खोलीतल्या लंगड्या टेबलाला त्याचा टेकू होता! घासून छाप काढला, सोबत आहे. हुबेहूब माझी नात. आई हो म्हणाली की हाच छापतो, तोवर छपाई थांबवली आहे.

आईला नमस्कार. तुझी बोलणी खायची सवय आहे, ती मोडू नकोस.
तुझा धाकटा

२३ जून

चि. बंधू यास,
अनेक आशीर्वाद.

आई छापावरून बोट फिरवत राहिली, मग रडली. मीही रडले. मग म्हणाली, ही माझ्यापाशी ठेवते, पण पाकिटावर नको.

तिने मला कपाटातला डबा काढायला लावला. त्यात आजवर बदललेला प्रत्येक कागद होता. मी कारागिरांना नावं ठेवत होते आणि आई इतकी वर्षं लेकीला मोठी होताना पाहत होती. दात आले, वेण्या आल्या, उंची वाढली. एवढी वाढलेली पोर पुन्हा लहान कशाला करता, असं तिने मला विचारलं.

तिचं एवढंच मागणं आहे: मुलगी पाकिटावर राहू दे, पण आता तिचे केस थोडे पिकू देत. पोरांच्या गोळीवर म्हातारी कशी चालेल, असं मी म्हटलं. त्यावर माझ्याच डोक्याकडे बघून म्हणाली, ही चालतेय की.

जमेल का रे? नाही जमलं तरी लिही, वाट पाहते.
तुझी ताई

११ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

चित्रकार आधी हसला, सगळं सांगितल्यावर लगेच कामाला लागला. दुकानदार कुरकुरताहेत, कुरकुरू देत. सोबत पहिलं पाकीट आहे. कानशिलाजवळची पांढरी बट आईला जवळून दाखव.

नातीने पाकीट पाहून विचारलं, ही कोण. मी म्हणालो, माझी ताई. तुझ्याखेरीज कुणाला हा शब्द लावायची माझी ही पहिलीच वेळ.

दोघींवर माझा जीव आहे, तो असाच राहू दे.
तुमचा धाकटा