खंजेरी मी जाळली नव्हती

बाबा, गेल्या शनिवारी तुमची खंजेरी मी सौंसरच्या बागेत वाजवली. तुमच्याच गावात, तुमच्याच भजनी मंडळातल्या उरल्यासुरल्या म्हाताऱ्यांसमोर, माइक लावून. तुम्ही असता तर पहिल्याच थापेला उठून गेला असतात. आता उठून जायची सोय तुम्हाला राहिलेली नाही, तेव्हा सगळं ऐका. मी काही गाळणार नाही.

बागेच्या फाटकावर कापडी फलक होता, ‘सांध्य संगीत, सपरिवार पधारें, प्रवेश निःशुल्क’. मध्य प्रदेशात गेलेल्या आपल्या मुलखात बोलायचं मराठीत आणि फलक लावायचा हिंदीत, ते अजून तसंच आहे. लोक खरोखरच सपरिवार आले होते. सतरंज्या, डबे, पाण्याच्या बाटल्या, मांडीवर झोपलेली लेकरं, गवतावर संत्र्याची सालं. घसरगुंडीवरची पोरं गाणं सुरू असतानाही ओरडत होती आणि कुणी त्यांना गप्प करत नव्हतं. तुम्ही केलं असतं. आम्ही पांढुर्ण्याच्या आठ बायका जीप करून आलो होतो. नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी गल्लीतल्या बायकांना जमवून खंजेरी भजनाचं मंडळ काढलं, हे तुम्हाला कळायचं कारण नाही. कळलं असतं तर म्हणाला असतात, ‘घरी भाकरी कोन करते मंग?’ माझा नवरा करतो, बाबा. बऱ्या होतात.

बागेत जायच्या आधी मी एकच तयारी नीट केली होती. तुमच्या मंडळाचा रिवाज तुम्हाला आठवत असेलच. पहिली थाप मारायच्या आधी उजव्या हातानं कानाची पाळी धरायची, गुरूचं नाव घ्यायचं, मगच खंजेरी उचलायची. दर गुरुवारी ओसरीत तुम्ही तुमच्या गुरूचं नाव घ्यायचात, डोळे मिटून, फार भक्तीनं. मी ठरवलं होतं की मी तुमचं नाव घेणार नाही. माझ्या आधीचे घेतील, नंतरचे घेतील, मी मात्र तोंड मिटून बसेन आणि सगळ्या सौंसरला कळेल की या बाईनं बापाचं नाव गिळलं. तुम्ही दिलेले सोन्याचे डूलसुद्धा मुद्दाम पांढुर्ण्याला डब्यात ठेवून आले. लग्नाचं मंगळसूत्र, हातात दोन बांगड्या आणि कान बुच्चे. आमच्यातली एक म्हणाली, ‘काकू, कानात काही तं घाला, स्टेजवर चालल्या!’ मी म्हटलं, आज नाही.

ते डूल काहून दिले होते ते दोघांनाही माहीत आहे, तरी सांगते, कारण तुम्ही ते कधी मोठ्यानं बोलला नाहीत. थंडीत खंजेरीचं कातडं ढिलं पडायचं. तुम्ही ओसरीतून हाक मारायचात, ‘शेकून आन वं!’ आणि मी खंजेरी घेऊन चुलीपुढं बसायची. आई भाकरी थापत असायची. जाळावर धरायची नाही, हातभर लांब धरायची, सारखी फिरवत राहायची, आणि मग बोटांनी तीन थापा मारून बघायच्या. तुम्ही बाहेरून ऐकून ओरडायचात, ‘आनखी!’ किंवा ‘झालं!’ पुढं पुढं ‘आनखी’ म्हणायची वेळच तुमच्यावर यायची नाही. माझं सगळं शिक्षण एवढंच, दर गुरुवारी तीन थापा. तीनच्या चार झाल्या, चारच्या आठ झाल्या, आणि आई म्हणायची, ‘पुरे कर, बाबा आयकून राहिले.’

त्या गुरुवारी तुम्हाला यायला उशीर झाला. मी तेरा वर्षांची आहे. मंडळ ओसरीत बसलेलं आहे, पेटीवाले काका म्हणतात, ‘बाप येतवर तू धर वं ठेका.’ मी आईकडं बघते, आई भाकरी उलटवते, नाही म्हणत नाही. मी धरते. एक अख्खं भजन. तुम्ही तेव्हा गल्लीच्या तोंडाशी होतात, शेजारच्या मास्तरांबरोबर, आणि ते तुम्हाला विचारत होते, ‘तुमी तं इथं, मंग घरी वाजवून कोन राहिलं?’ हे मला मास्तरांच्याच बायकोनं नंतर सांगितलं. तुम्ही आत आलात तेव्हा पेटीवाले काका हसत होते. ‘बापाले मांगं टाकते वं हे पोट्टी!’ त्या माणसाला वाटलं तुम्ही खूश व्हाल. तुम्ही चप्पलसुद्धा काढली नाही. ‘ठेव ते खाली. शेकाचं काम सांगतलं होतं, वाजवाचं नाही.’ मी ठेवली.

पुढच्या गुरुवारी तुम्ही दादाला नारळ देऊन, टिळा लावून खंजेरी त्याच्या हातात दिली. आणि मला डूल. ‘पोरीच्या जातीले हे शोभते.’ दादाला ताल कशाशी खातात ते माहीत नव्हतं, आजही नाही. खंजेरी त्याच्या हातात नुसता मार खायची. तरी तुम्ही त्याला पुढं बसवायचात आणि चुकला की खोकायचात. शेकायचं कामही त्याच्याकडंच दिलं, माझा हात लागू नये म्हणून. मग व्हायचं तेच झालं. त्यानं ती सरळ जाळावर धरली, रस्त्यावर वरात चालली होती ती बघायला मान खिडकीकडं वळवली, आणि कातडं फट्‌ करून फुटलं. लाकडाची कडही काळी पडली. तुम्ही धावत स्वयंपाकघरात आलात. खंजेरी त्याच्या हातात होती, बाबा. त्याची बोटं पोळली होती, आईनं ती पाण्यात बुडवली होती. मी मागच्या दारात बसून भूगोल वाचत होते. तुम्ही हे सगळं बघितलंत, पाच मोजायच्या आत बाहेर गेलात, आणि मंडळाला सांगितलंत, ‘पोरीनं जाळली. भावावर जळते ते.’

बस, एवढंच वाक्य. तुमचं काम झालं, पोराची अब्रू राहिली. माझं मात्र तेव्हापासून सुरू झालं. शाळेत, हळदीकुंकवाला, लोधीखेड्याच्या मावशीकडं, ‘हेच का वं ते, खंजेरी जाळनारी?’ मला बघायला आलेल्या पहिल्या स्थळाच्या आत्यानं तर आईला विचारलंच, पोरगी तापट आहे म्हणतात. नव्हते मी तापट. तुम्ही केलीत. आई दोनदा बोलायला गेली आणि दोनदा तुमच्या एका नजरेनं परत आली. तिच्यावर माझा राग नाही. तुमच्यावर आहे, आणि तो इतकी वर्षं मी लोणच्यासारखा जपला आहे, फडकं बांधून, पाण्याचा हात न लागू देता.

दादानं घर नवं केलं तेव्हा ती जळकी कड भंगाराच्या पोत्यात निघाली. मी उचलली. लोधीखेड्याला एक म्हातारा अजून कातडं चढवतो, त्याच्याकडं नेली. तो म्हणाला, ‘हे जळलं कशानं?’ मी म्हटलं, खोटं बोलल्यानं. तो काळा डाग तासून देऊ का म्हणाला. मी म्हटलं, त्या डागाला हात लावायचा नाही.

तर शनिवारी. सूर्य झाडांमागं गेला, दिवे अजून लागले नव्हते, दव पडायला लागलं आणि कातडं ढिलं झालं. बागेत चूल कुठली? फाटकाशी एक बाई कढईत शेंगा भाजत होती. मी तिला म्हटलं, मावशी, जरा शेकू देता? ‘शेक नं, बाई. शेंगा काढू दे पहिले.’ मी तिच्या शेगडीपुढं बसले, साठीच्या गुडघ्यांनी, रेशमी लुगडं सावरत. हातभर लांब, फिरवत फिरवत. तीन थापा मारल्या. ती बाई म्हणाली, ‘झालं का?’ मी म्हटलं, आनखी. मग पुन्हा शेकली, आणि ‘झालं’ही मीच म्हटलं.

स्टेजवर निवेदन करणारी पोरगी गोड होती. तिनं हिंदीत विचारलं, ‘काकी, इतना अच्छा किससे सीखा?’ अजून वाजवलंच नव्हतं, पण विचारायचं म्हणून विचारलं. पुढच्या सतरंजीवर दादा होता, नातवंडांना घेऊन. त्याच्या बाजूला खुर्चीवर पेटीवाले काका, नव्वदीला टेकलेले, कानटोपी घातलेली. मी म्हटलं, चुलीपाशी शिकले. लोक हसले, टाळ्या पडल्या. मग मी म्हटलं, ‘आणि ही खंजेरी मी जाळली नव्हती. माझ्या बापाला ते माहीत होतं.’ बाबा, पंचेचाळीस-पन्नास वर्षं मी या वाक्याची तालीम केली होती. वाटलं होतं, बाग चूप होईल. बागेला काही कळलं नाही. लोकांनी त्यालाही टाळ्या वाजवल्या. घसरगुंडीवरची पोरं ओरडतच होती. फक्त दादानं मान खाली घातली आणि नातवाचं संत्रं सोलत बसला, ते सोलून झालं तरी बोटं हलतच होती. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

मग आम्ही वाजवलं. कसं वाजवलं ते मी सांगणार नाही, तुम्हाला ऐकायचं होतं कुठं?

खाली उतरल्यावर पेटीवाल्या काकांनी काठीनं खूण करून बोलावलं. ‘तू जाळली नाही हे आमाले तवाच मालूम होतं वं,’ ते म्हणाले. ‘पोट्ट्याची बोटं दिसून राहिली होती नं.’ माझ्या अंगाची लाही झाली. मी म्हटलं, मग बोलला का नाहीत कुणी? काकांनी कानटोपी खाली ओढली. ‘तुह्या बापापुढं बोलत होतं कोन? आनं मंग राहूनच गेलं.’ राहूनच गेलं, बाबा. माझं अख्खं तरुणपण ओसरीतल्या सहा माणसांचं राहून गेलं. त्या रागात मी निघाले, तर त्यांनी पुन्हा काठी आडवी घातली. ‘नाव नाही घेतलं तू त्याचं. मी ध्यान देऊन होतो.’ मी म्हटलं, घेणारही नाही. ‘नको घेऊ. पन कान तं धरला.’

मी म्हटलं, ‘कानातलं टोचून राहिलं होतं, काका.’ त्यांनी कानटोपी मागं सारली, माझ्या कानाकडं नीट बघितलं, आणि म्हणाले, ‘हो, टोचते कधी कधी.’

हे पत्र कुठं टाकायचं नाही, डुलांच्या डब्यात घडी घालून ठेवणार आहे. बरंच आहे. तुम्हाला मिळालं असतं तर वाटलं असतं की पोरीनं माफ केलं. केलेलं नाही. नाव मी घेतलं नाही, हेही खरं. पण हात गेला होता, बाबा. मी पाठवला नव्हता.