रविवारी ईयोबवर बोलायचं

४ मार्च
दवाखान्यातून आत्ता आलो. रेश्माचं बाळ गेलं. आठवा महिना, पोटातच. मुलगी.
लेकीजवळ बसलो आणि सवयीने बोलून गेलो, "बेटा, देवाची काही योजना असेल." आमच्या उमेळे गावात कुणी गेलं की घरची प्रार्थना मीच घेतो, वाक्य तोंडात बसलेलं.
तिने भिंतीकडे तोंड केलं. "पप्पा, तुम्ही बाहेर जा."
गेलो.

६ मार्च
चर्चच्या फादरांचा फोन. रविवारी चर्चमध्ये बायबलमधल्या ईयोबवर मनन, म्हणजे छोटं प्रवचन, माझ्याकडे आहे, आधीच ठरलेलं. "जमणार नसेल तर दुसऱ्या कुणाला सांगू?" मी म्हटलं, देतो. का म्हटलं...

७ मार्च
ईयोब वाचतोय. मुलं गेली, अंगभर गळवं, वर मित्र येऊन शहाणपण शिकवतात. त्या मित्रांत मीच दिसलो. शेवटी देव वादळातून बोलतो, पण उत्तर नाहीच. उलट विचारतो, मी पृथ्वी घडवली तेव्हा तू कुठे होतास. ईयोब तोंडावर हात ठेवतो. इतकी वर्षं हे किती सहज सांगत आलो. आज राग आला. एवढा मोठा तू, आणि एक बाळ...
केळींना दोनदा पाणी घातलं. बायको, फिलू, ओरडली, "अहो, चिखल झाला. बसा ना घटकाभर." बसवत नाही.

८ मार्च
उतारा वाचला. लोक वाट बघत होते. मागच्या बाकावर जावई, सुनील. तयार केलेलं सगळं आठवत होतं, तोंडातून निघेना. वेदीकडे वळून गुडघे टेकले. मागे बाकं वाजली, सगळेच गुडघ्यावर.
बाहेर एक बाई म्हणाल्या, "काय नम्रता तुमची!" लाज वाटली. देवापुढे खरंच लहान झालो होतो, ते खरं. पण गप्प होणं वेगळं, अबोला धरणं वेगळं. माझं कुठलं?

१२ मार्च
रेश्माकडे पेज घेऊन गेलो. तिनेच विचारलं, "पप्पा, तुम्ही विचारलंत देवाला?"
"विचारलं."
"मग?"
"अजून विचारतोय." ती जवळ सरकली. "मी पण विचारते. रोज."
पेज निवत होती.
"आम्ही नाव ठरवलं होतं तिचं. सांगू?"
सांगितलं. छान होतं. इथे लिहायला हात धजत नाही.