आलेखातला खड्डा

मी, द्राहोमीरा झेलिंकोवा, वय ७४, निवृत्त रसायनशास्त्रज्ञ, राहणार क्रालोवो पोले, ब्रनो, पूर्ण शुद्धीत आणि कोणीही भरीस न घालता, माझ्या मागे माझ्या वस्तूंचं काय व्हावं ते लिहून ठेवते. माझं अक्षर आता कुणाला लागत नाही, म्हणून टंकयंत्रावर.

१. राहता फ्लॅट भाची लिबुशे हिचा.

२. तिश्नोवजवळचं बागेतलं लाकडी घर लिबुशे व तिचा नवरा रादिम या दोघांचं. रादिमला तिथलं अक्रोडाचं झाड तोडायचं आहे. खुशाल तोडावं, आधी अक्रोड उतरवून घ्यावेत.

३. तळघरातल्या पाऱ्याच्या बाटल्या व केसासारख्या बारीक काचेच्या नळ्या मी जिथे काम करत होते त्या संशोधन संस्थेत पोचवाव्यात. पारा मोरीत ओतू नये.

या वस्तूंबद्दल थोडं. एका हिवाळ्यात संस्थेचा बॉयलर बंद पडला. कोट घालूनच मी पाऱ्याच्या थेंबावर विजेचा भार किती साठतो ते मोजत होते. थेंबाभोवती खारं पाणी, त्यात जनुकद्रव्यातला एक घटक विरघळवलेला. व्होल्टेज बदलत नेताना आलेख एकदम कड्यावरून पडल्यासारखा खाली आला, तळाशी सपाट चालला, मग पुन्हा उभा चढला. पाऱ्यावर सुटे भटकणारे रेणू एकमेकांना बिलगून एका रेणूइतक्या जाडीचा सलग पापुद्रा झाले होते. बॉयलर सुरू झाला, खोली तापली आणि आलेखातला खड्डा नाहीसा झाला.

विभागप्रमुख बोहुमीर व्लाख म्हणाले, "बाई, हा शोध नाही, घाण आहे. भांडी नीट घासा."

"मग तुमची भांडी आणा," मी म्हटलं.

त्यांनी आणली. मी खिडकीबाहेरचा बर्फ बादलीत भरून भांड्याभोवती दाबला. खड्डा आला. जेवणाची सुट्टी होईपर्यंत ते पुन्हापुन्हा मोजत राहिले. शेवटी म्हणाले, "भांडं माझं, पाणी माझं, पारा माझा. आता घाण कुणाची म्हणू?" दुसऱ्या दिवशी सगळ्या विभागासमोर त्यांनी स्वतःची चूक कबूल केली.

पुढे १९६८ साली सोव्हिएत रणगाडे देशात आले. त्यांचं स्वागत करणाऱ्या निवेदनावर मी सही केली नाही, म्हणून नोकरी गेली. डेअरीत दुधातली चरबी तपासू लागले. व्लाखांनी सही केली. त्यांना तीन मुली होत्या. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार वेगळी आहे. खड्ड्यावरचा आमच्या दोघांचा लेख तयार होता. संपादकांनी कळवलं, झेलिंकोवाचं नाव काढा, छापतो. व्लाख काढेनात. डेअरीच्या फाटकाशी ते हे सांगायला आले, तेव्हा मी ओरडले, "छापा हो! माझं नाव गेलं खड्ड्यात!"

"मग खड्डाही तिथेच राहू दे," ते म्हणाले.

लेख पडून राहिला. यथावकाश परदेशात दुसऱ्यांना तोच खड्डा सापडला. त्यांनी छापला. काम चोख होतं. मी व्लाखांशी बोलणं सोडलं.

४. व्लाखांना मी काहीही ठेवत नाही. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, असं वकीलबाई म्हणाल्या. त्यानंतरच मी व्लाखांना साक्षीसाठी बोलावलं. आज सकाळी ते काठी टेकत आले. वरचं सगळं मी त्यांना वाचून दाखवलं. यंत्र समोरच आहे, म्हणून पुढचंही नोंदवते.

"खोटं वाटत असेल तर सही करू नका," मी म्हटलं.

"खरं आहे. माझं नाव कुठे?"

"माझ्या खाली."

"लेखावरही तसंच ठरलं होतं," ते म्हणाले, आणि पेन मागितलं.

ब्रनो, २२ नोव्हेंबर १९९४

(सही) द्राहोमीरा झेलिंकोवा

आमच्यादेखत सही झाली:
(सही) बोहुमीर व्लाख
(सही) व्लास्ता कुचेरोवा, शेजारीण