तोंबा, चाओबा आणि वसुधा

न्यू जर्सी, एप्रिल १९८७

प्रिय लतिका,

तुझं पत्र पोचलं. फ्रीमाँटच्या विवेकच्या स्थळाकडची मंडळी उत्तरासाठी खोळंबलीत, आणि 'अहो, लेकीपाशी राहताय तर तिच्या मनातलं तेवढं काढून घ्या' असं तू बजावलंयस. काढून घेणं मला कधी जमलं? कानावर पडलं ते लिहितो.

वसुधाचा प्रबंध मणिपुरी भाषेवर आहे, तोही उभयान्वयी अव्ययांवर. म्हणजे आपले 'आणि', 'किंवा', 'पण'. एवढ्याशा शब्दांपायी पोरीचे केस पिकायची वेळ आलीय! ती भाषा तिला सांगतो इबोहल. मूळचा इंफाळचा, इथे रसायनशास्त्र शिकतो. शनिवारी तो आला की स्वयंपाकघरातल्या टेबलावर टेपरेकॉर्डर सुरू होतो. ती इंग्रजीत वाक्य देते, तो ते मणिपुरीत म्हणतो. मी स्वेटरवर स्वेटर चढवून खिडकीशी, समोरच्या मॅपलला पालवी कधी फुटते ते बघत.

त्यांच्याकडेही 'आणि'सारखा 'अमसुंग' आहे, पण दोन माणसांना जोडताना बहुधा दोघांच्याही नावामागे 'गा' लावतात. तोंबागा चाओबागा. मला ते बडबडगीतच वाटलं. जन्मभर वर्गात कविता तालावर म्हणवून घेतल्या. आपसूक खिडकीवर ठेका धरला, तर वसुधा ओरडली, 'बाबा, टेपवर येतंय!'

वाक्यांतली माणसं ठरलेली, तोंबा आणि चाओबा. बाजारात जातात, मासे आणतात. एके शनिवारी इबोहलने चाओबाला घरी बसवलं आणि तोंबाबरोबर वसुधाला बाजारात धाडलं. 'हे प्रबंधात चालणार नाही हं,' ती म्हणाली, पण खोडलं नाही. नंतर तोंबाही गेला, त्याच्या जागी इबोहल आला. मग वाक्यावाक्यात ते दोघंच मासे धरू लागले, नाव वल्हवू लागले, पावसात भिजू लागले. मी आपला मॅपलकडे बघत होतो.

मग 'पण'ची पाळी आली. त्यांचा 'अदुबु'. तिने वाक्य दिलं, इबोहल जूनमध्ये इंफाळला परत जाईल, पण... आणि थांबली. टेप फिरत राहिली. 'पुढे?' त्याने अगदी हळू विचारलं. 'आज एवढंच,' म्हणून तिने बटण दाबलं. तो गेल्यावर घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसली. 'काय गं?' म्हटलं, तर म्हणाली, 'आईला काय वाटेल, बाबा?'

म्हणून हे पत्र, लतिका. फ्रीमाँटला नकार कळवून टाक. मुलगा सालस आहे. मला पोहे हवे होते तर आयसेलिनची सगळी भारतीय दुकानं पालथी घालून आला. मी कशालाही हो म्हणतो हे वसुधाला माहीत आहे, माझ्या होकाराने तिचं भागत नाही. मेच्या पहिल्या रविवारी शेजारच्या सुलभाताईंकडे तिचा फोन येईल. तेव्हा हवापाण्याचं विचारत बसू नकोस. आपल्याकडे येईल तेव्हा इबोहलला जेवायला काय करू, एवढंच विचार.

उत्तराच्या वाटेकडे डोळे लावून,
तुझाच
पुरुषोत्तम