प्रवासाला एक नंबर

१४ नोव्हेंबर, शनिवार

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. मी बरी आहे, गुडघे सोडून. त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलंय.

तू फोनवर परस्पर ठरवलेली व्हीलचेअर बघायला शेजारीणबाईंबरोबर दुकानात गेले होते. दुकानदाराने त्यांना विचारलं, "पेशंटचं वजन किती?" मी म्हटलं, "पेशंटला तोंड आहे, तिलाच विचारा." बिचारा ओशाळला आणि खुर्चीची घडी घालून दाखवू लागला. "ऐसपैस आहे, तरी हलकी. गाडीच्या डिकीत मावते. प्रवासाला एक नंबर, ताई!"

माझा प्रवास कॉटपासून गॅसपर्यंत. त्याला डिकी कशाला?

शिवाय चाकं बशीएवढी. "ही मी हाताने फिरवू कशी?" "ती मागून ढकलायची असते, ताई." म्हणजे बसायचं मी आणि कुठे जायचं ते मागच्याने ठरवायचं. वा रे भावा!

दुकानदाराच्या तोंडात तीळ भिजत नाही. म्हणाला, "साहेबांनी बाथरूमच्या दाराचं माप पाठवलंय, आरामात जाईल." घरी येऊन टेप लावली. माझ्या दारातून ती खुर्ची जाणारच नाही. मग हे दार कुणाचं? परवा तुझी बायको घाईने फोन ठेवताना म्हणाली होती, "बाथरूममध्ये गवंडी आलेत." धाकट्या, मी दुधखुळी नाही.

शेजारीणबाईंनी चहाडी केलीच असणार. मग माझ्याकडूनही ऐक. पडले. बाथरूममध्ये. त्यांना हाक ऐकू जाईपर्यंत ओल्या फरशीवर पडून होते. भीती वाटली. अजून वाटते. हल्ली अंघोळीला जाताना कडी लावत नाही. पण म्हणून मला कपाटासारखं उचलून दुसऱ्या घरात ठेवायचं नाही.

मी पुन्हा दुकानात जाऊन दुसरी खुर्ची सांगून आलेय. अरुंद, माझ्या दारातून जाणारी. मोठी चाकं, माझ्या हाताने फिरणारी. चाकं काढली की तुझ्या लाडक्या डिकीतही बसते. चार दिवस येईन, तुझं नवं बाथरूम बघेन, त्याला नावं ठेवेन आणि परत येईन.

त्याआधी तू ये. माझ्या बाथरूमच्या भिंतीला धरायला दांडा बसवायचाय. तो बसेपर्यंत, मी आत असताना दाराबाहेर कुणीतरी असावं असं वाटतं. कुणीतरी म्हणजे तू.

न्यायला येणार असशील तर येऊ नकोस. राहायला ये.

तुझी, अजून आपल्याच घरी असलेली,
ताई