चौथ्या मजल्यावरची लोकशाही

२ जून
संकल्प : महिनाअखेर निबंध पुरा करायचा. ‘आधुनिक लोकशाही संकटात आहे काय? इतिहासाच्या आरशात.’ उभा जन्म शाळेत इतिहास शिकवला, मी नाही लिहायचं तर कोणी? पहिलं वाक्य झकास जमलं. हिच्याकडे चहा मागितला. गुडघे धरलेत, आज तुम्हीच करा म्हणाली. मूड गेला.

५ जून
तळमजल्यावरचा डेंटिस्ट येऊन गेला. लिफ्टवर मतदान घ्या म्हणतो. बिल्डिंगचा हंगामी चेअरमन मी. (निवडणूक होईपर्यंत. नऊ वर्षं झाली.) तळमजल्यावाल्याला लिफ्ट कशाला, विचारलं. म्हणे, तुमच्या मिसेससाठी. सत्तेची हाव, दुसरं काय!
निबंध : रोममध्ये संकटकाळी सहा महिन्यांपुरता हुकूमशहा नेमत. पुढे एकजण तहहयात होऊन बसला. अशी माणसं वेळीच ओळखली पाहिजेत.

११ जून
निबंध : काही नाही. पेन बरं नाही.
ही खाली उतरून वर्ष होत आलं. दिवसभर खिडकीत बसते. आज म्हणाली, लिफ्टचं एकदा काय ते ठरवा हो. म्हटलं, चर्चा चालू आहे, लोकशाहीत वेळ लागतो. तिने तोंड खिडकीकडे वळवलं. पटलं असावं.

१९ जून
युक्ती सुचली! जुन्या अथेन्समध्ये लोक खापरीवर एकेक नाव खरडत. ज्याच्या नावाच्या खापऱ्या जास्त, तो दहा वर्षं हद्दपार. रविवारच्या मीटिंगला तेच करायचं, फक्त चिठ्ठ्यांवर. बिल्डिंगच्या लोकशाहीला सर्वांत मोठा धोका कोण? ज्याचं नाव जास्त, त्याने कमिटीकडे फिरकायचं नाही. डेंटिस्ट गेलाच म्हणून समजा.
हिने विचारलं, मलाही मत आहे ना? म्हटलं, आहे की, तुझी चिठ्ठी मी नेतो. नको, माझी मी येईन म्हणाली. हसू आलं.

२३ जून, संध्याकाळ
चिठ्ठ्या मीच वाचल्या. पहिल्या चारही माझ्या नावाच्या. लोकांना प्रश्न कळला नसेल, म्हणून पुन्हा समजावला. सगळे म्हणाले, कळलाय सर, वाचा पुढे.
ही आली होती. कठडा धरून, पायरी-पायरीवर बसत एकटी उतरली. मी तेव्हा खाली खुर्च्या मांडत होतो. वाचून झाल्यावर सर्वांदेखत म्हणाली, मीही तुमचंच नाव लिहिलंय. आवाज चढवला नाही. डेंटिस्टने मान खाली घातली. चारचौघांत मला रडू फुटलं.
ती वर आलीच नाही. डेंटिस्टने गाडीतून तिला बहिणीकडे सोडलं. बहिणीचं घर बैठं आहे.

३० जून
निवडून आलेल्या नव्या चेअरमनने लिफ्ट पाच मिनिटांत मंजूर करून घेतली. म्हणजे लोकशाहीला धाड भरलेली नाही. निबंध राहू दे. घर खायला उठतं.
हिला फोन केला. लिफ्ट झाली की येशील ना, विचारलं.  म्हणाली, लिफ्ट झाली की तुम्हीच खाली या.