टेबलावर काढून ठेवलेलं घड्याळ

बाबा, गेल्या गुरुवारी दुपारी चारच्या सुमाराला मी तुमचं घड्याळ हातातून काढून टेबलावर ठेवलं आणि तिथंच सगळं बदललं. कुणाला लागलं नाही, काही फुटलं नाही. नुसता चेनचं लॉक उघडल्याचा आवाज झाला, आणि तो माझ्याच बोटांनी केला होता. तेव्हापासून मला माझ्या उजव्या हाताची भीती वाटते. आईला सांगितलं तर ती गप्प बसेल, आणि तिचं गप्प बसणं मला सोसत नाही. म्हणून तुम्हाला लिहितोय. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. तुम्ही मध्येच उठून काही बोलणार नाही, तेवढाच मला धीर.

आधी घड्याळाचं सांगतो, ते तुम्हाला ऐकायला आवडलं असतं. छान चालतंय. दुसऱ्या वर्षाला एका सरांशी भांडून मी कॉलेज सोडलं आणि बोईसरला कंपनीत पॅकिंगला लागलो, तेव्हा आईनं ते आपल्या माकुणसारच्या घरात तांदळाच्या डब्यातून काढून दिलं. म्हणाली, "आता तुजं हाय. घातलंस का घालूनच ठेव. पान्यात चालतं, उगाच काढत बसू नको." मला वाटलं, हरवेल म्हणून सांगतेय. तुमच्यासारखंच उजव्या हातात घातलं. खरं सांगू, बाबा, असली वस्तू आपल्या घरात दुसरी नाही. बाजूच्या कड्या स्टीलच्या, मधली सोन्याची. सकाळी सरावलीच्या भाड्याच्या खोलीतून बाहेर पडलो की ऊन आधी त्या मधल्या कडीवर येतं. सेकंदकाटा टकटक करत नाही, तेलावरून गेल्यासारखा सरकतो. दर रविवारी जुन्या ब्रशनं, साबणाच्या पाण्यानं मी चेन धुतो आणि पुसून झाल्यावर उगाच बघत बसतो. कंपनीत फोन गेटवरच जमा करावा लागतो, त्यामुळे आत सगळ्यांचं घड्याळ म्हणजे मी. बिहारचा एक लोडर रोज ओरडतो, "ए सेठ, टाइम क्या हुआ?" एकदा म्हणाला, "सेठ, असली है क्या?" मी म्हटलं, "तेरी नौकरी से ज़्यादा असली है." दोघंही ठेकेदाराचीच माणसं, दोघंही हसलो.

जिच्याशी मला लग्न करायचंय, तीही अशीच वेळ विचारत भेटली. लॅबमध्ये आहे, सॅम्पल न्यायला आमच्याकडे यायची. एक दिवस म्हणाली, "वाजले किती?" सांगितलं. पाच मिनिटांनी परत आली, "वाजले किती?" मी म्हटलं, "आत्ताच तर सांगितलं." तर म्हणते, "मग? बदलले नसतील का?" त्या दिवशी मी लेबलं उलटी लावली आणि सुपरवायझरच्या शिव्या खाल्ल्या. दीड वर्ष झालं त्याला. ती सुट्टीवर असली की मला पाळी संपता संपत नाही.

तुम्ही मस्कतला सात वर्षं कंप्रेसर दुरुस्त केले आणि शेवटच्या वर्षी हे घड्याळ घेऊन परत आलात. मी पाच वर्षांचा असेन. पडवीत मला मांडीवर घेऊन तुम्ही ते माझ्या कानाला लावलं होतं. "ऐक, ह्याला सेल नाय. मानूस हलला तर चालतं." मी श्वास धरून ऐकत होतो. तुमच्या मनगटाला ग्रीसचा वास येत होता. ते मला लख्ख आठवतं. आणि हेही आठवतं, की वाडीतला पंप बिघडला तर तुम्ही घड्याळ काढून ठेवायचात, चिकूला कलम करायचं असलं तर काढून ठेवायचात, आणि मारायचं असलं तरी आधी तेच काढायचात. डायल वर, चेन खाली, अगदी अलगद. त्याला ओरखडा पडू नये म्हणून. मी जेवतोय, तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभे, आणि तुमची बोटं लॉककडे जातात. पंप की मी? ते कळायला मधे दोनच क्षण असायचे. तेवढ्यात आई गॅस बंद करायची. मला तुम्ही किती वेळा मारलंत ते आठवत नाही. आईला मार खाताना मी बघितलं ते दोनदा. दुसऱ्या वेळी तिच्या हातात चिंबोऱ्यांचं कालवण होतं, तरी तिनं पातेलं सांडू दिलं नाही.

गुरुवारी पहिली पाळी सुटल्यावर ती खोलीवर आली. पिशवीतून फॉर्म काढला. कॉलेजची राहिलेली वर्षं बाहेरून देता येतात, तिनं सगळं विचारून आणलं होतं. "फोटो चिकटव आणि सही कर. माझ्या बाबांशी आपल्या लग्नाचं बोलायला मला काहीतरी हातात पाहिजे." माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "तुझ्या बापाला जावई पाहिजे की मार्कशीट?"

"बाप नाही म्हणायचं."

"माझ्या खोलीत मला शिकवू नको."

ती शांतपणे म्हणाली, "ओरडू नकोस. खालच्या मावशी ऐकतात." आणि बाबा, त्या शांतपणाचाच मला राग आला. मी उठलो. लॉक उघडलं. घड्याळ टेबलावर ठेवलं. डायल वर, चेन खाली.

तिला ह्यातलं काहीच माहीत नाही. मी कधी सांगितलंच नाही, मी तिला फक्त मस्कत आणि मांडी सांगितली होती. तरी तिनं आधी घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "घड्याळ का काढलंस?"

"घाम आला."

पंखा फुल्ल चालू होता. तिनं पिशवी उचलली आणि माझ्यावरची नजर न काढता, उलट्या पावलांनी दारापर्यंत गेली. कुत्रं अंगावर आलं तर माणूस जातो तशी.

मी हात उचलला नाही. हे मी स्वतःला शंभर वेळा सांगितलं. पण ती गेली नसती तर? पुढच्या दोन क्षणांत काय झालं असतं, ते मला खरंच माहीत नाही. तुम्हाला तरी माहीत असायचं का? आई "काढत बसू नको" का म्हणाली, ते मला त्या दुपारी त्या रिकाम्या खोलीत कळलं.

तीन दिवस तिनं फोन उचलला नाही. लॅबमधून दुसरीच कुणी सॅम्पल न्यायला आली. आज सकाळी मेसेज आला, "घरी आहे. यायचं तर ये. पण घाम सांगू नकोस."

खरं सांगितलं तर ती दार लावून घेईल, आणि तिनं लावावंच असं मलाही अर्धं वाटतं. खोटं सांगितलं तर ती कदाचित राहील. मग एखाद्या दिवशी गॅस बंद करायला शिकेल. त्याची मला जास्त भीती वाटते. घड्याळ मी घातलंय. ठेवून जाणार होतो, पण हात रिकामा बघवेना. मला ते अजून आवडतं, बाबा, काय करू.

तिला सगळं सांगणार आहे. कुठून सुरू करायचं तेही ठरवलंय. ते आधी तुम्हाला सांगतो, कारण आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. तुम्ही गेलात त्या दिवशी आपल्या घरात चूल पेटली नाही. शेजारच्या काकूंनी पिठलंभात आणला. सगळे रडत होते, मीही रडलो होतो. पण मला भूक लागली होती. पहिल्यांदाच दाराकडे न बघता मी जेवलो आणि तीनदा भात मागून घेतला.

हे पान कुठं पाठवायचं, म्हणून गादीखाली ठेवतोय. तिच्या बिल्डिंगपर्यंत रिक्षानं दहा मिनिटं लागतात, मी चालतच जाईन. चपला घातल्या आहेत. निघतो, आणि दार बाहेरून ओढून घेतो.